संविभ्रम : एक लक्षण, अनेक आजार

आषाढाची अमावस्या महाराष्ट्रात दिव्यांची अमावस्या म्हणून पाळली जाते. समया, निरांजने, कंदील घासूनपुसून पाटावर मांडावयाचे, कणकेचे दिवे करावयाचे आणि पावसाळ्याच्या काळोखात घरातला उजेड टिकून राहो अशी प्रार्थना करावयाची, असा हा साधा घरगुती सण आहे. छत्तीसगढात उत्तरेकडील पंचांग चालत असल्यामुळे हीच तिथी श्रावणातील अमावस्या ठरते आणि तिला 'हरेली' असे नाव आहे. रायपूरच्या भोवतालच्या खेड्यांतून त्या दिवशी शेतकरी नांगर, कुदळ, फावडे धुऊन त्यांची पूजा करतो, मुले बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून फिरतात आणि घरोघरच्या दारांवर कडुनिंबाच्या डहाळ्या खोचल्या जातात. या डहाळीच्या हिरवेपणामागे एक जुनी भीतीही आहे. ती भीती टोनहीची आहे.

मंत्रतंत्राच्या बळावर दुसऱ्याचे वाईट करणारी बाई म्हणजे टोनही, अशी तिकडची समजूत आहे. मूल आजारी पडले, गाय आटली, पीक गेले, की कोणीतरी म्हणतो, "त्या बाईने काहीतरी केले आहे." पुष्कळदा हे वाक्य तेवढ्यावर विरून जाते. परंतु कधी कधी ते गावभर पसरते, आणि मग एखाद्या एकाकी विधवेची जमीन, अब्रू, प्रसंगी प्राणही जातो.

"त्या बाईने मला काहीतरी केले आहे," हे वाक्य वैद्याच्या कानांवरही येते. तापाने फणफणलेला रोगी ते बोलतो; दारू सुटल्यावर तिसऱ्या रात्री जागा असलेला माणूस बोलतो; स्मृती विझत चाललेली आजी बोलते; छिन्नमानस या विकाराने ग्रासलेला तरुण बोलतो. शब्द तेच असतात, आजार मात्र वेगवेगळे. या लक्षणाला मराठी परिभाषेत 'संविभ्रम' म्हणतात. बोलण्यात आता 'पॅरानोइया' हा मूळ शब्दही रूढ झाला आहे. संविभ्रम म्हणजे काय, तो कोणकोणत्या आजारांत दिसतो, आणि तो ओळखणे हे केवळ रोग्याच्याच नव्हे तर त्याच्या शेजाऱ्याच्याही हिताचे कसे आहे, हे या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

संशय आणि संविभ्रम

संशय घेणे हा काही रोग नव्हे. काळोख्या वाटेवर मागून पावले वाजली तर मनुष्य सावध होतो. बाजारात खिसा चाचपून पाहतो. अनोळखी माणसाने फार गोड बोलावयास आरंभ केला तर मनात विचार करतो. ही सावधगिरी मनुष्यजातीने फार प्राचीन काळापासून जिवाच्या रक्षणासाठी जोपासली आहे. दोरीला साप समजणारा एकदा फसतो, सापाला दोरी समजणारा मात्र कदाचित पुन्हा फसावयास उरत नाही. म्हणून थोडा फाजील संशय निसर्गाने आपल्या पदरी बांधून दिला आहे, असे म्हणता येईल.

हा संशय सर्वसामान्य माणसांत किती पसरलेला असतो, याचा एक प्रयोग लंडनमध्ये झाला. डॅनिएल फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००८ साली प्रसिद्ध केला. दोनशे सामान्य नागरिकांच्या डोळ्यांवर एक यांत्रिक उपनेत्र बसवून त्यांना भुयारी रेल्वेच्या आभासी डब्यातून फिरवून आणले. डब्यातील संगणकनिर्मित उतारू कोणाच्याही अध्यात ना मध्यात होते. ते नुसते बसले होते, इकडेतिकडे पाहत होते. तरीही सुमारे दहांपैकी चौघांच्या मनात, हा मनुष्य माझ्याकडे रोखून पाहतो आहे, तो मला हसतो आहे, अशा प्रकारचा विचार येऊन गेला. तेव्हा निरोगी मन एका बाजूला आणि रोगी मन दुसऱ्या बाजूला, अशी मध्ये भिंत नाही. एक चढण आहे. पुष्कळ माणसे तिच्या पायथ्याशी असतात, आणि थोडी फार वर गेलेली असतात.

वर गेलेला मनुष्य ओळखावा कसा? जर्मन मनोवैद्य कार्ल यास्पर्स यांनी १९१३ साली संभ्रमाच्या तीन खुणा सांगितल्या: कल्पनेविषयीची अढळ खात्री, पुराव्याने किंवा समजुतीने ती न बदलणे, आणि तिचा आशय असंभाव्य किंवा खोटा असणे. आज त्यांत आणखी एका गोष्टीची भर घालतात, ती म्हणजे रोग्याचे कूळ, धर्म आणि समाज यांतील माणसांचीही तशीच समजूत आहे काय, हे पाहणे. या चौथ्या कसोटीकडे पुढे पुन्हा यावे लागेल. कारण छत्तीसगढच्या खेड्यात तीच सर्वांत अवघड ठरते.

एक सावधगिरीही येथेच सांगितली पाहिजे. संशय खरा निघू शकतो. अमेरिकेचे माजी महान्यायवादी जॉन मिचेल यांच्या पत्नी मार्था मिचेल यांनी १९७२ साली, राष्ट्राध्यक्षांच्या वर्तुळात गैरव्यवहार चालू आहेत आणि आपल्याला बळाने गप्प बसविले गेले, असे सांगितले, तेव्हा त्यांचे डोके फिरले आहे असे लोकांना भासविण्यात आले. पुढे वॉटरगेट प्रकरण उघडकीस आले आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य होते असे ठरले. खऱ्या तक्रारीला भ्रम समजण्याच्या चुकीला मानसशास्त्रात आज त्यांचेच नाव दिले जाते. म्हणून वैद्याचे पहिले काम निदानाचे नसून चौकशीचे असते.

शब्दाची वाटचाल

भ्रम हा शब्द मराठीला नवा नाही. दासबोधात भ्रमनिरूपणाला एक स्वतंत्र समासच दिलेला आहे. आणि हा ग्रंथ हिंदी वाचकांसाठी ज्यांनी भाषांतरित केला, ते माधवराव सप्रे यांची कर्मभूमी रायपूरच होती. मात्र तेथील भ्रम तत्त्वज्ञानाचा आहे, वैद्यकाचा नव्हे. 'पॅरानोइया' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ 'भानाबाहेर गेलेले मन' असा आहे. प्राचीन काळी कोणत्याही वेडाला तो लावीत असत. एकोणिसाव्या शतकात जर्मन वैद्यांनी त्याला नेमकेपणा आणला. आणि एमिल क्रेपेलिन यांनी, ज्यात बुद्धी शाबूत राहते पण छळाची किंवा मोठेपणाची एक सुसंगत, न हलणारी कल्पना हळूहळू उभी राहते, असा एक वेगळा रोग म्हणून त्याची मांडणी केली.

पुढे असे दिसून आले की, निव्वळ असा रोग विरळा. पण छळाची कल्पना मात्र कितीतरी रोगांत सापडते. १९८७ साली अमेरिकन मनोवैद्यकीय संघटनेच्या वर्गीकरणात त्या विरळ्या रोगाला 'संभ्रम-विकृती' असे नवे नाव दिले गेले. छिन्नमानसाचा 'संविभ्रमी' हा पोटप्रकारही २०१३ साली त्या वर्गीकरणातून, आणि २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणातून वगळण्यात आला. याचा अर्थ एवढाच, की संविभ्रमाकडे आता ताप किंवा खोकला यांच्याप्रमाणे लक्षण म्हणून पाहिले जाते. ताप आहे असे म्हटल्याने हिवताप की विषमज्वर हे ठरत नाही. त्याचप्रमाणे संविभ्रम आहे असे म्हटल्याने आजार कोणता, हे ठरत नाही.

लक्षणाचा पोशाख मात्र काळाप्रमाणे बदलतो. लंडनच्या बेथलेम रुग्णालयातील जॉन हॅस्लम यांनी १८१० साली जेम्स टिली मॅथ्यूज या रोग्याची हकीकत छापली. एका टोळीने जवळपास 'हवेचा माग' नावाचे यंत्र लपवून ठेवले असून त्यातून निघणाऱ्या वायूच्या झोतांनी ती आपल्या मनावर आणि शरीरावर ताबा ठेवते, अशी मॅथ्यूजची खात्री होती. तो काळ इंग्लंडात कापडाच्या गिरण्या उभ्या राहण्याचा होता. पुढे रोगी रेडिओच्या लहरींविषयी बोलू लागले, आणि आज भ्रमणध्वनी व गुप्त कॅमेरे यांविषयी बोलतात. जेथे टोनहीची समजूत आहे तेथे रोगी टोनहीविषयी बोलतो. भीती आजारातून येते. तिला नाव मात्र भोवतालचा समाज पुरवितो.

एकच वाक्य, निरनिराळे आजार

संविभ्रम कोठे कोठे दिसतो हे क्रमाने पाहू.

पहिले छिन्नमानस. जगात दर ३०० माणसांमागे सुमारे एकाला हा विकार असतो आणि बहुधा तो ऐन तारुण्यात सुरू होतो. छळाच्या कल्पनेबरोबर निर्वस्तुभ्रमही येतात. म्हणजे कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात. आपले विचार दुसऱ्याला कळतात, आपल्या हातापायांवर परक्याची सत्ता चालते, असेही रोग्याला वाटते. शाळेत हुशार असलेला मुलगा हळूहळू मित्रांत जाईनासा होतो, झोपेनासा होतो, जेवणात काही घातले आहे म्हणून ताट दूर सारतो. घरच्यांना आरंभी हा हट्ट वाटतो, नंतर बाधा वाटते, आणि यात महिनेच नव्हे तर वर्षेही जातात.

संभ्रम-विकृतीत याच्या उलट, बाकीचे आयुष्य नीट चालू असते. मनुष्य कचेरीत जातो, हिशेब चोख ठेवतो. पण शेजारी भिंत पोखरतो आहे, किंवा पत्नी एकनिष्ठ नाही, या एका गोष्टीवर त्याचे मन कायमचे अडकलेले असते. असे लोक वैद्याकडे येत नाहीत. वकिलाकडे आणि पोलीस ठाण्यात मात्र वरचेवर जातात.

उद्दीपन-अवसाद चित्तविकृतीत संविभ्रमाला मनाच्या भरतीओहोटीचा रंग चढतो. उद्दीपनाच्या काळात रोग्याला वाटते, आपण फार मोठे आहोत म्हणून लोक जळतात आणि टपून बसले आहेत. तीव्र अवसादात त्याला वाटते, आपण पापी आहोत, शिक्षा आपल्याला मिळणारच आणि ती योग्यही आहे. एक रोगी छळाविरुद्ध गर्जतो, दुसरा मान खाली घालून त्याची वाट पाहतो. या दुसऱ्याच्या बाबतीत आत्महत्येचा धोका मोठा असतो.

बाळंतपणानंतर पहिल्या काही आठवड्यांत, दर हजार बाळंतपणांमागे एकदोन स्त्रियांना तीव्र मनोविकार होतो. झोप उडते, मन क्षणोक्षणी पालटते आणि बाळावर कोणीतरी करणी केली आहे, बाळ बदलले आहे, असे आईला वाटू लागते. दृष्ट काढण्यात वेळ न घालविता तिला त्याच दिवशी रुग्णालयात नेले पाहिजे. कारण आई आणि मूल या दोघांच्याही जिवाला धोका असतो. वेळेवर उपचार झाले तर हा आजार चांगला बरा होतो.

व्यसनांचा वाटाही मोठा आहे. गांजाच्या अमलाखाली संशय वाढतो, आणि लहान वयात सुरू केलेल्या जबर सेवनाने पुढे मनोविकाराची शक्यता वाढते. अ‍ॅम्फेटामीन आणि कोकेन यांनी छिन्नमानसासारखेच हुबेहूब चित्र उभे राहते. अ‍ॅम्फेटामीनच्या बाबतीत ते १९५८ साली लंडनमध्ये फिलिप कॉनेल यांनी सविस्तर दाखवून दिले. जुन्या मद्यप्याच्या मनात पत्नीविषयी खोटा संशय घर करतो. उलट, नित्याची दारू एकाएकी बंद झाली तर दोनतीन दिवसांनी हात कापणे, घाम, निर्वस्तुभ्रम आणि भयंकर भीती अशी अवस्था येते. मोहाची दारू जेथे घरोघर गाळली जाते तेथे हे ठाऊक असणे अगत्याचे आहे. कारण ही अवस्था प्राणघातक ठरू शकते आणि तिच्यावरचा उपाय रुग्णालयातच आहे.

वृद्धांमध्ये स्मृतिभ्रंशाच्या आजारात संविभ्रमाचे एक ठरावीक रूप दिसते. आजी बांगडी स्वतःच डब्यात ठेवते, ठेवल्याचे विसरते, आणि सुनेने चोरली असे म्हणते. हरवलेल्या आठवणीची जागा मनाने आरोपाने भरून काढलेली असते. ऐकू कमी येणाऱ्या माणसालाही, कोपऱ्यात बोलणारे आपल्याविषयीच बोलतात, असे वाटू शकते. अशा वेळी कानाची तपासणी आणि श्रवणयंत्र हाच कधी कधी मनावरचा उपाय ठरतो.

शरीराचे इतर आजारही विसरून चालणार नाही. मेंदूज्वर, मेंदूतला हिवताप, लघवीचा जंतुदोष, रक्तातील क्षारांचा बिघाड, अवटू ग्रंथीचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, अपस्माराचे काही प्रकार या सर्वांत संविभ्रम उद्भवू शकतो. यावरून एक सोपा नियम हाती लागतो. संशय काही तासांत किंवा एकदोन दिवसांत उद्भवला असेल, आणि रोग्याला दिवस कोणता, आपण कोठे आहोत, याचेही भान नसेल, तर आधी शरीराचा आजार शोधावा. तो महिन्यामहिन्यांनी वाढत गेला असेल तर मनोविकाराचा विचार करावा.

शेवटी आघात. ज्याला खरोखरच मारले, हाकलले, नागविले आहे, तो पुढे कित्येक वर्षे दचकत राहतो. दारावर थाप पडली की त्याचा ऊर धडधडतो. टोनही म्हणून जिचा छळ झाला अशी एखादी स्त्री दवाखान्यात येऊन म्हणेल, "गाव माझ्या जिवावर उठले आहे." तिचे वाक्य संविभ्रमी रोग्याच्या वाक्याशी शब्दशः जुळेल. परंतु ते खरे असेल. तिला औषधाच्या गोळीआधी पोलिसांचे संरक्षण लागेल. चौकशी न करता कागदावर 'संविभ्रम' असे लिहिणारा वैद्य तिच्यावर दुसरा अन्याय करील.

मनात काय घडते

मेंदूच्या ज्या भागांत 'ही गोष्ट महत्त्वाची आहे, इकडे लक्ष दे' असा इशारा दिला जातो, तेथे डोपामीन या रसायनाचे मोठे कार्य आहे. मेंदूतील त्याच्या कार्याचा शोध लावणारे स्वीडनचे आर्विद कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतीय वंशाचे मनोवैद्य शितिज कपूर यांनी २००३ साली असे प्रतिपादन केले की, तीव्र मनोविकारात हे इशारे अवेळी आणि अकारण दिले जातात. रस्त्यावरून जाणारी तांबडी मोटार, शेजाऱ्याचे खोकणे, दारातला लिंबू, अशा कोणत्याही क्षुल्लक गोष्टीवर मेंदू 'हे महत्त्वाचे' असा शिक्का मारतो. मग मन त्याचा अर्थ शोधू लागते. आणि 'कोणीतरी माझ्याविरुद्ध कट केला आहे' हा अर्थ त्या सर्व सुट्या गोष्टींना एका दोऱ्यात ओवतो. कावीळ झालेल्याला जग पिवळे दिसते, असे आपण म्हणतो. येथे जग अर्थाने गच्च भरलेले दिसते.

दुसरी गोष्ट निष्कर्षाची घाई. एका प्रसिद्ध प्रयोगात दोन बरण्या असतात. एकीत ८५ मणी एका रंगाचे आणि १५ दुसऱ्या रंगाचे. दुसरीत प्रमाण नेमके उलट. बरण्या नजरेआड करून एकीतून एक एक मणी काढून दाखवितात आणि बरणी कोणती ते विचारतात. हवे तितके मणी मागण्याची मोकळीक असते. १९८८ साली लंडनमध्ये झालेल्या अभ्यासात असे आढळले की, संभ्रम असलेले रोगी इतरांपेक्षा कमी मणी पाहून निर्णय देतात. अनेकांना तर एकदोन मणी पुरतात. ही घाई सर्वच रोग्यांत नसते आणि निरोगी माणसांतही थोडीफार असते. निद्रानाश, चिंता, एकाकीपणा आणि स्वतःविषयीचा न्यूनगंड यांनी संशयाला खतपाणी मिळते. नीट झोप लागू लागली की संशय ओसरू लागतो, हा अनुभव उपचारात उपयोगी पडतो.

व्यक्तीचा भ्रम आणि गावाची समजूत

आता चौथ्या कसोटीकडे वळू. टोनही मानणारा सारा गाव रोगी आहे काय? नाही. लहानपणापासून ऐकलेली समजूत बाळगणे म्हणजे मनोविकार नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही स्पष्ट सांगितले आहे की, समाजातील रूढ नैतिक मूल्ये किंवा धर्मश्रद्धा यांच्याशी कोणाचे जुळत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरविता येणार नाही. हा न्याय दोन्ही बाजूंनी लावावा लागतो. एकट्या विचाराने चालणाऱ्याला वेडा म्हणता येत नाही, तसेच समजुतीने चालणाऱ्या गावालाही म्हणता येत नाही. गावाची समजूत चुकीची असू शकते, क्रूर असू शकते. पण तिच्यावरचा इलाज औषध नसून शिक्षण आणि कायदा हा आहे. आरोपाच्या मुळाशी पुष्कळदा जमिनीचा वाद, वारसा किंवा जुने वैर असते, हेही विसरता कामा नये.

अडचण येते ती व्यक्तीचा आजार आणि गावाची समजूत एकत्र येतात तेव्हा. समजा, एका घरातील तरुणाला छिन्नमानसाचा आरंभ झाला आहे. त्याला रात्री आवाज ऐकू येतात. भीतीला नाव हवे असते. तो शेजारच्या वृद्ध बाईचे नाव घेतो. शहरातील घरात हे ऐकून कोणी म्हणाले असते, "अरे, भलतेच काय बोलतोस?" आणि कदाचित त्याला डॉक्टरकडे नेले असते. येथे घरचे लोक चमकत नाहीत, कारण टोनहीची गोष्ट त्यांना अपरिचित नाही. ते बैगाला बोलावतात. बैगा झाडफूक करतो आणि तेच नाव उच्चारतो. आता रोग्याचा भ्रम साऱ्या घराचा पुरावा होतो. तरुणाचा उपचार लांबतो, आजार मुरतो. आणि ज्या बाईचा काडीमात्र संबंध नाही तिच्यावर गावाचा रोष कोसळतो. एका न ओळखलेल्या लक्षणापायी दोन घरे बुडतात.

एकाचा भ्रम निकटच्या दुसऱ्याने उचलावा, हे वैद्यकाला अपरिचित नाही. फ्रान्समधील लासेग आणि फाल्रे यांनी १८७७ साली अशा जोडभ्रमाचे वर्णन केले. त्यांत बहुधा एक खरा रोगी असतो आणि त्याच्या छायेत राहणारा दुसरा त्याची कल्पना स्वीकारतो. दोघांना वेगळे केले की दुसऱ्याचा भ्रम पुष्कळदा आपोआप निवळतो. गावाची समजूत यापेक्षा फार व्यापक असते, तरी एक धडा दोहोंना लागू आहे. पुष्कळांनी मानले म्हणून कल्पना खरी ठरत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात जादूटोणा हे कारण असलेल्या हत्या वेगळ्या दाखविल्या जातात, आणि त्यांत छत्तीसगढचे नाव वारंवार येते. छत्तीसगढ राज्याने २००५ साली टोनही प्रताडना निवारण अधिनियम केला. कोणाला टोनही ठरविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत, तिचा शारीरिक वा मानसिक छळ करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत आणि टोनही उतरविण्याच्या नावाखाली झाडफूक करणाऱ्यालाही पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा त्यात सांगितली आहे. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी दीर्घकाळ मागणी केलेला जादूटोणाविरोधी कायदा, त्यांच्या हत्येनंतर २०१३ साली अमलात आला. रायपुरात नेत्रतज्ज्ञ डॉ. दिनेश मिश्र यांनी 'कोई नारी टोनही नहीं' या नावाने मोहीम चालविली असून, हरेलीच्या सुमारास गावोगाव जाऊन लोकांची भीती घालविण्याचे काम ते वर्षानुवर्षे करीत आले आहेत. डोळ्यांच्या वैद्याने हे काम अंगावर घ्यावे, यात एक औचित्य आहे.

उपचार

अठराव्या शतकात भोसल्यांच्या राज्यात, आणि १८६१ पासून १९५६ पर्यंत मध्य प्रांतात, रायपूर आणि नागपूर एका छत्राखाली होती. तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्त्यांतील मराठी घरे त्या संबंधाची साक्ष देतात. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ पासूनचे आहे. आज छत्तीसगढात दूर जावे लागत नाही. रायपूर येथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि पंडित जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचे आंबेडकर रुग्णालय आहे. बिलासपूरजवळ सेंदरी येथे राज्याचे मानसिक रुग्णालय आहे.

औषधांच्या इतिहासात या देशाचाही वाटा आहे. मध्य भारताच्या जंगलांत वाढणाऱ्या सर्पगंधेच्या मुळ्या उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर गुणकारी आहेत, असे कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. १९५२ साली तिच्यातील रेसर्पीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले, आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीनचा उपयोग मनोविकारांवर सुरू झाला. रेसर्पीन आता या कामी जवळजवळ वापरले जात नाही. त्यापेक्षा सोसण्यास बरी अशी अनेक औषधे निघाली आहेत. मुळ्या स्वतः उगाळून देणे मात्र धोक्याचे आहे.

औषधाची निवड मूळ आजारावर अवलंबून असते. जंतुदोषाला जंतुनाशक, अवसादाला अवसादरोधक, मद्याला मद्यमुक्ती, बहिरेपणाला श्रवणयंत्र. औषधांनी न हटणाऱ्या छळाच्या कल्पनेवर बोलण्याच्या उपचारांचाही उपयोग होतो. त्यांत रोग्याशी वाद न घालता, त्याला सुरक्षित वाटेल अशा छोट्या छोट्या अनुभवांतून नेतात. फ्रीमन यांच्या २०२१ च्या चाचणीत अशा उपचारांनी सुमारे निम्म्या रोग्यांची कल्पना सुटली. भारतात गोवा, सातारा आणि तमिळनाडू येथे छिन्नमानसाच्या २८२ रोग्यांवर झालेल्या, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन मदत करू लागले की नुसत्या दवाखान्यातील उपचारापेक्षा अधिक लाभ होतो, असे दिसले. रोग्याच्या घरी काय घडते हे समजून घेऊ इच्छिणाऱ्या मराठी वाचकांनी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा 'देवराई' हा चित्रपट पाहावा.

तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, ज्यात छत्तीसगढचाही समावेश होता, तीव्र मनोविकार असलेल्या दर चार रोग्यांपैकी सुमारे तिघे उपचाराविना असल्याचे आढळले.

घरच्यांनी काय करावे

संविभ्रमी माणसाशी वाद घालू नये. पुराव्याने त्याची खात्री हलत नाही. उलट वाद घालणाराही कटात सामील आहे असे त्याला वाटते. त्याच्या कल्पनेला होकारही देऊ नये, कारण तो होकार उद्या दुसऱ्या कोणावर तरी आरोप होऊन बसतो. मधला मार्ग भावनेचा आहे. "काका, तुम्ही फार घाबरला आहात हे मला दिसते आहे. रात्रभर झोप नाही. आपण आधी झोपेसाठी डॉक्टरांना भेटू या," असे म्हणावे. भीती खरी आहे हे मान्य करावे, भीतीच्या कारणाविषयी निर्णय देऊ नये. त्याच्यासमोर कुजबुजू नये. जेवणात चोरून औषध घालू नये, कारण ते उघडकीस आले की त्याचा संशय खरा ठरतो. असा रोगी बहुधा हिंसक नसतो. तो स्वतःच हिंसेला बळी पडण्याची शक्यता अधिक असते. मात्र तो कोणाचे नाव घेऊन मारण्याची किंवा स्वतःच्या जिवाचे काही करण्याची भाषा बोलू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सल्ल्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेली 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

आणि ज्या व्यक्तीचे नाव रोगी घेतो, तिची आठवण ठेवावी. ते नाव घराबाहेर जाऊ न देणे, बैगापर्यंत, चौकापर्यंत पोहोचू न देणे, हे घरच्यांच्या हाती असते. गेलेच, तर गावच्या शिक्षकाने, आरोग्यसेविकेने, सरपंचाने पुढे होऊन विचारावे: आजारी कोण आहे? केव्हापासून? त्याला कोणत्या डॉक्टरांना दाखविले? हे तीन प्रश्न वेळेवर विचारले गेले तर एका रोग्याला उपचार मिळतो आणि एका निरपराध बाईचा जीव वाचतो. एकाच अमावस्येला एका मुलखात दिवे उजळतात, दुसऱ्यात दारावर कडुनिंब खोचला जातो. दोन्ही रूढी काळोखाच्या भीतीतून आल्या आहेत. त्या भीतीचे खरे कारण शोधणे, हे विज्ञानाचे काम आहे. आणि कारण सापडेपर्यंत कोणावर बोट न दाखविणे, हे प्रत्येक नागरिकाचे.